मेंदूला इजा झालेल्या माणसाच्या सेवांवर सरकारी देखरेख: महाराष्ट्रातल्या कुटुंबाने ती कशी मिळवावी

रस्त्यावरच्या अपघातात किंवा उंचावरून पडून डोक्याला गंभीर मार लागलेला माणूस शस्त्रक्रियेनंतर वाचतो, आयसीयूतून वॉर्डात येतो आणि काही आठवड्यांनी नातेवाइकांच्या हातात डिस्चार्ज कार्ड पडते. त्यानंतरचे उपचार मात्र एका छताखाली होत नाहीत. फिजिओथेरपी एकीकडे, वाचा-उपचार दुसरीकडे, मानसोपचार तिसरीकडे, आणि घरी सांभाळणे अशक्य झाले तर एखादे निवासी पुनर्वसन केंद्र, अशी ती वाटचाल असते. यांपैकी बहुतेक ठिकाणांवर लक्ष ठेवण्याचे काम कायद्याने कोणत्या ना कोणत्या सरकारी कार्यालयाकडे सोपवलेले आहे. परंतु खास मेंदूच्या इजेसाठी असा वेगळा परवाना किंवा वेगळा निरीक्षक महाराष्ट्रात नाही. प्रत्येक कार्यालय आपल्या कायद्यापुरता तुकडा पाहते आणि उरलेला भाग दुसऱ्या कोणाचा तरी आहे असे समजून चालते.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. आपल्याकडची देखरेख बरीचशी तक्रारीवर चालते. तक्रार आली की फाइल उघडते. मेंदूला इजा झालेल्या माणसाला मात्र सकाळी काय झाले ते संध्याकाळी आठवत नाही, कित्येकदा आपल्यात काही बिघाड झाला आहे याचीच जाणीव नसते, आणि वाचा गेलेली असेल तर सांगायचे असूनही सांगता येत नाही. जो स्वतः तक्रार करू शकत नाही त्याच्यासाठी तक्रारीवर चालणारी व्यवस्था मुकी राहते. म्हणून कोणत्या कार्यालयाला काय विचारायचे आणि त्यासाठी कोणता कागद जवळ ठेवायचा, हे कुटुंबाने आधीच समजून घेणे गरजेचे आहे. पुढील मार्गदर्शन त्यासाठी आहे.

कायद्यात आपला रुग्ण कुठे बसतो ते आधी पाहा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याच्या अनुसूचीत दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आले. या २१ प्रकारांत मेंदूची इजा हे नाव नाही. त्यामुळे ‘हा आजार यादीत नाही’ असे उत्तर खिडकीवर मिळू शकते. ते उत्तर मान्य करू नये, कारण अनुसूची दिव्यांगत्वाचे परिणाम मोजते आणि इजेचे परिणाम तिच्यात अनेक ठिकाणी बसतात. एका बाजूचे हातपाय लुळे पडले असतील तर ते चलनविषयक दिव्यांगत्व आहे. मेंदूतील कारणामुळे बोलणे किंवा बोललेले समजणे गेले असेल तर ते वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे आणि त्याच्या व्याख्येत मज्जासंस्थेच्या कारणांचा स्पष्ट उल्लेख आहे. विचार, मनःस्थिती, भान किंवा स्मृती यांत मोठा बिघाड होऊन रोजचे व्यवहार जमेनासे झाले असतील, तर मानसिक आजाराच्या व्याख्येतील शब्द त्याला लागू पडू शकतात. दोन किंवा अधिक प्रकार एकत्र असतील तर बहुदिव्यांगत्व ठरते.

प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय मंडळासमोर जाताना होणारी सर्वांत मोठी हानी ही की हात आणि पाय मोजले जातात आणि मोजणी तेथेच थांबते. जो माणूस चालतो, हसतो, आपले नाव सांगतो, परंतु गॅस बंद करायला विसरतो आणि क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून जातो, त्याचे दिव्यांगत्व या पद्धतीने जवळजवळ शून्य दिसते. म्हणून तपासणीच्या आधीच नोंदणीकृत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडून (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून) स्मृती, लक्ष आणि निर्णयक्षमता यांची चाचणी करून घ्यावी आणि तिचा अहवाल मंडळासमोर ठेवून त्याची लेखी नोंद घेण्याची विनंती करावी. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाले की अनेक योजना खुल्या होतात, हे खरे. तथापि हक्कभंगाची तक्रार करण्यासाठी ४० टक्क्यांची अट नाही. अधिनियमातील दिव्यांग व्यक्तीची मूळ व्याख्या दीर्घकालीन बिघाड आणि त्यामुळे समाजातील सहभागात येणारे अडथळे यांवर आधारलेली आहे. तेव्हा प्रमाणपत्र यायचे आहे म्हणून तक्रार थांबवून ठेवू नये.

केंद्र कोणत्या परवान्यावर चालते, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न

रुग्णाला निवासी केंद्रात ठेवण्यापूर्वी बहुतेक कुटुंबे खोली, जेवण आणि महिन्याचा खर्च पाहतात. माझ्या मते त्याआधी भिंतीवर लावलेले नोंदणी प्रमाणपत्र वाचावे, कारण पुढे काही बिघडले तर कोणाचे दार ठोठवायचे ते त्या एका कागदावर ठरते. महाराष्ट्रात अशी केंद्रे साधारणपणे तीन कायद्यांपैकी एकाखाली येतात.

पहिला कायदा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९. केंद्र सरकारने केला म्हणून २०१० चा चिकित्सालय आस्थापना कायदा महाराष्ट्रात लागू आहे असा पुष्कळांचा समज असतो. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही आणि येथे १९४९ चाच कायदा चालतो. गोव्याने २०१९ मध्ये आपला स्वतंत्र कायदा केला आहे, त्यामुळे सीमेपलीकडे उपचार घेणाऱ्यांनी तो पाहावा. महाराष्ट्राच्या कायद्यात शुश्रूषागृहाची व्याख्या व्यापक आहे: आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा. यातील ‘इजा’ आणि ‘दुर्बलता’ हे शब्द आपल्या कामाचे आहेत. नाकातून नळीने अन्न देणे, घशातील ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी छेद देऊन बसवलेली) नळी साफ करणे, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणे, बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांची, ड्रेसिंग करणे ही कामे जेथे रोज होतात, त्या जागेचा चालक ‘आमचे हॉस्पिटल नाही, हे नुसते केअर सेंटर आहे’ असे म्हणत असेल, तर त्या जागेला शुश्रूषागृहाची नोंदणी लागते की नाही असा लेखी प्रश्न नोंदणी कार्यालयाला अवश्य विचारावा. महानगरपालिकेच्या हद्दीत हे काम महापालिकेचा आरोग्य विभाग पाहतो आणि जिल्ह्याच्या ग्रामीण भागासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाकडे विचारणा करावी. नोंदणीचे दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, म्हणून प्रमाणपत्रावरील मुदतीची तारीखही पाहावी. जानेवारी २०२१ मध्ये या कायद्याखालील नियमांत दुरुस्ती झाली असून, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे तेव्हापासून बंधनकारक आहे. सनद लावलेली नसेल तर ती कोणालाही दिसणारी आणि सिद्ध करायला सोपी त्रुटी आहे; मोठ्या तक्रारीच्या जोडीला ती जरूर नोंदवावी.

दुसरा कायदा म्हणजे वर उल्लेख केलेला २०१६ चा दिव्यांग अधिनियम. त्याच्या कलम ५० प्रमाणे दिव्यांग व्यक्तींसाठीची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही, आणि ते प्रमाणपत्र दर्शनी जागी लावावे लागते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग आहे आणि त्याचे आयुक्तालय पुण्यात आहे. जिल्हा पातळीवर माहितीसाठी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे जावे. नोंदणी रद्द करण्याचा अधिकार याच अधिनियमात आहे, परंतु त्याआधी संस्थेला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. म्हणून एका अर्जाने केंद्र बंद होईल अशी अपेक्षा धरू नये, आणि खरे तर बहुतेक प्रसंगी केंद्र बंद होणे कुटुंबाच्या हिताचेही नसते. सुधारणा होणे हिताचे असते.

तिसरा कायदा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७. अपघातानंतर आक्रमक झालेले किंवा सतत घराबाहेर निघून जाणारे रुग्ण पुष्कळदा मनोरुग्णांच्या किंवा व्यसनमुक्तीच्या केंद्रात ठेवले जातात. अशा केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते आणि तेथील रुग्णाला या कायद्याचे सर्व संरक्षण मिळते. हे संरक्षण तिन्ही कायद्यांत सर्वांत तपशीलवार आहे, म्हणून त्यावर थोडे थांबणे योग्य ठरेल. रुग्णाला साखळीने बांधणे पूर्णपणे निषिद्ध आहे. त्याला एकट्याला कोंडून ठेवता येत नाही. हातपाय बांधणे किंवा जखडणे हे फक्त तेव्हाच चालते, जेव्हा रुग्णाला स्वतःला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका आहे आणि ती टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नाही. त्यासाठी प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी लागते, कारण, पद्धत आणि कालावधी यांची नोंद केस पेपरमध्ये करावी लागते, आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे या कायद्याखाली त्याच्या वतीने नेमलेल्या व्यक्तीला, २४ तासांच्या आत कळवावे लागते. शिक्षा म्हणून किंवा केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून कोणालाही बांधता येत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. ‘रात्री एकच वॉर्डबॉय असतो, म्हणून बांधतो’ हे वाक्य आपल्याला केंद्रात ऐकू आले, तर ते ज्या दिवशी ऐकले त्या दिवशीच तारखेसह लिहून ठेवावे, कारण त्या वाक्यात नियमभंगाची कबुली आहे.

केंद्र यांपैकी कोणतेच प्रमाणपत्र दाखवू शकत नसेल, तर तेथे रुग्णाला ठेवू नये. वृद्धाश्रमाच्या नावाने चालणाऱ्या जागेत नळी लावलेला रुग्ण ठेवण्यापूर्वी तर दोनदा विचार करावा.

उपचार करणारी माणसे कोणत्या परिषदेची आहेत

इमारतीची नोंदणी वेगळी आणि माणसांची वेगळी. डॉक्टर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, परिचारिका महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, तर फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची नोंद २००२ च्या राज्य कायद्याने स्थापन झालेल्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते. वाचा-उपचारतज्ज्ञ आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावी लागते. १९९२ च्या कायद्याप्रमाणे या नोंदीशिवाय तो व्यवसाय करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक विचारणे हा अविश्वास नाही, आणि चांगले उपचारक तो स्वतःहून लेटरहेडवर छापतात. ज्याला ‘थेरपिस्ट’ म्हणून ओळख करून दिली जाते तो प्रत्यक्षात सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केलेला मदतनीस आहे का, हे पहिल्याच आठवड्यात कळलेले बरे, कारण इजेनंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत चांगल्या उपचारांचा सर्वाधिक उपयोग होतो आणि तो काळ परत मिळत नाही.

सही कोणाची चालेल

तक्रार करताना ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न हमखास येतो, म्हणून त्याचे उत्तर तयार असावे. रुग्ण समजू शकत असेल आणि सही किंवा अंगठा देऊ शकत असेल, तर साध्या कागदावर त्याच्याकडून प्राधिकारपत्र घ्यावे. मानसिक आरोग्य कायद्याखाली नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्यासाठीही साधा कागद आणि सही पुरते. रुग्णाला काही निर्णय घेता येतात आणि काही येत नाहीत, अशी मधली स्थिती असेल, तर दिव्यांग अधिनियमाच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. त्यात पालक रुग्णाच्या इच्छेनुसार आणि त्याच्याशी मिळून निर्णय घेतो, त्याच्या जागी बसत नाही. रुग्ण दीर्घकाळ कोमात असेल तर कुटुंबांना उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो आणि मुंबई उच्च न्यायालयाने अशा अर्जांवर पती, पत्नी किंवा मुलांना पालक नेमलेले आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे दिव्यांग व्यक्तीला तेथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

वही, केस पेपर आणि फोटो

सरकारी निरीक्षक केंद्रात येतो तो दिवस चांगला असतो. चादरी बदललेल्या असतात, रजिस्टर भरलेले असते. त्या दिवसापलीकडचे जे काही सिद्ध करायचे ते आपल्या नोंदीतूनच सिद्ध होते. म्हणून एक साधी वही ठेवावी. प्रत्येक भेटीची तारीख आणि वेळ, कोण कामावर होते, रुग्ण जागा होता की गुंगीत, अंगावर नवी जखम किंवा वळ आहे का, महिन्याचे वजन किती, फिजिओ किती मिनिटे झाली आणि कोणी केली, एवढे लिहावे. झोपेच्या गोळ्यांचा डोस वाढला असेल तर कोणाच्या सांगण्यावरून वाढला तेही लिहावे. रुग्ण शांत राहावा म्हणून औषध वाढवणे आणि त्याला बरे वाटावे म्हणून वाढवणे यांतला फरक प्रिस्क्रिप्शनवरील तारखांवरून पुष्कळदा दिसून येतो. जखमेचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि तो फोटो त्याच दिवशी घरातील दुसऱ्या व्यक्तीला पाठवून ठेवावा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. रुग्णाच्या लज्जेला धक्का लागेल असे फोटो कोणत्याही गटात टाकू नयेत.

केस पेपरची प्रत मागणे हा हक्क आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवाव्या लागतात. मागणी तोंडी करू नये. दोन प्रतींत अर्ज करावा आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवावा. केस पेपर वाचताना परिचारिकेच्या नोंदी आधी वाचाव्यात. डॉक्टरांची नोंद दिवसातून एकदा असते, परिचारिकेची पाळीगणिक असते. रुग्णाची कूस किती वेळा बदलली, किती वाजता नळीने अन्न दिले, हे तेथेच सापडते किंवा सापडत नाही.

तक्रार कशी लिहावी

‘केंद्रात नीट काळजी घेत नाहीत, पैसे मात्र घेतात’ असे लिहिलेल्या अर्जावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही, कारण त्यात तपासण्यासारखे काहीच नाही. तेच असे लिहावे: ‘रुग्णास अमुक तारखेला दाखल केले तेव्हा त्याच्या पाठीवर जखम नव्हती, अशी दाखल करतानाच्या केस पेपरमध्ये नोंद आहे. अमुक तारखेला माकडहाडाजवळ ५ सेंटिमीटरची जखम दिसली. मधल्या १८ दिवसांच्या परिचर्या नोंदींत कूस बदलल्याची नोंद ७ दिवस आढळत नाही. नोंदींच्या आणि फोटोच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. या कालावधीतील कर्मचारी हजेरीपट आणि परिचर्या नोंदवही तपासून केलेली कार्यवाही लेखी कळवावी.’ अशा अर्जात तथ्य आहे, पुरावा आहे आणि अधिकाऱ्याने नेमके काय करायचे ते आहे. त्यात राग कमी दिसतो, परंतु निरीक्षकाला केंद्रात जाऊन कोणती वही उघडायची ते समजते.

अर्जाच्या वर विषय आणि कायद्याचे नाव लिहावे, शेवटी मागणी लिहावी, सोबतच्या कागदांना पृष्ठक्रमांक द्यावेत आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पुढची सर्व स्मरणपत्रे त्या आवक क्रमांकावर चालतात. एका अर्जात एकाच कार्यालयाचे विषय असावेत. बिलाची, बेडसोरची आणि डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार एकत्र लिहिली की तिन्ही कार्यालये ती एकमेकांकडे पाठवत राहतात.

अर्ज कोणाकडे

जिवाला धोका असेल, मारहाण झाली असेल किंवा अन्नपाणी रोखले जात असेल, तर अर्जांच्या वाटेला जाऊ नये. ११२ वर पोलिसांना बोलवावे. दिव्यांग अधिनियमाच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे व्यवहारात बहुतेक वेळा तहसीलदारांकडे, छळाची माहिती कोणालाही देता येते आणि त्यांना रुग्णाच्या सुटकेचा किंवा संरक्षणाचा आदेश देता येतो. ताब्यातील दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारणे हा कलम ९२ खाली गुन्हा असून त्याला किमान ६ महिने आणि कमाल ५ वर्षे कैदेची शिक्षा आहे. हे कलम पोलीस ठाण्यात माहीत नसणे शक्य आहे, म्हणून त्याची छापील प्रत जवळ ठेवावी.

इतर बाबींत पहिला अर्ज केंद्राच्या प्रमुखाला द्यावा आणि त्याला ठरावीक मुदत द्यावी. पुढच्या प्रत्येक कार्यालयात ‘आधी संस्थेला कळवले होते का’ असे विचारले जाते. शुश्रूषेतील त्रुटी, दरपत्रक आणि रुग्णहक्क यांसाठी शुश्रूषागृह नोंदणी करणारे कार्यालय. मानसिक आरोग्य संस्थेत बांधणे, कोंडणे किंवा इच्छेविरुद्ध ठेवून घेणे यांसाठी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ. तेथील निर्णयाने समाधान न झाल्यास राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण. डॉक्टरच्या निष्काळजीपणासाठी वैद्यक परिषद, तर नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग, जेथे २ वर्षांच्या आत जावे लागते. ग्राहक आयोगाबाबत एक गैरसमज आहे की रुग्णावर मोफत उपचार झाले असतील तर दाद मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे की जे रुग्णालय काही रुग्णांकडून पैसे घेते आणि काहींवर मोफत उपचार करते, तेथील मोफत रुग्णही ग्राहक ठरतो.

धर्मादाय न्यासाचे रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे. खाट नाकारली तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्याच दिवशी कळवावे, कारण खाट रिकामी होती की नाही हे दुसऱ्या दिवशी सिद्ध करणे कठीण जाते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयाने योजनेच्या रुग्णाकडून वरचे पैसे मागितले तर तेथील आरोग्यमित्राकडे (योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या प्रतिनिधीकडे) आणि जिल्हा समन्वयकाकडे तक्रार द्यावी.

हक्क नाकारला जाण्याचा प्रश्न असेल, म्हणजे सार्वजनिक रुग्णालयाने पुनर्वसन सेवा नाकारली, प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळाने स्मृतीच्या बिघाडाची तपासणीच केली नाही किंवा नोंदणीकृत संस्थेवर कोणी लक्षच ठेवत नाही, तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे जावे. साक्षीदारांना बोलावणे आणि कागदपत्रे मागवणे यांसाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित प्राधिकरणाला ३ महिन्यांत कार्यवाही कळवावी लागते, आणि शिफारस मान्य नसेल तर कारणेही त्याच मुदतीत आयुक्तांना आणि तक्रारदाराला द्यावी लागतात. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, ही या तरतुदीची मर्यादा आहे; परंतु नकाराची लेखी कारणे हाती आली तर उच्च न्यायालयात जाताना त्यांचा फार उपयोग होतो.

सरकारी संस्था याहून वेगळ्या. कलम ५४ प्रमाणे केंद्र किंवा राज्य सरकारने चालवलेल्या संस्थांना दिव्यांग अधिनियमाखालील नोंदणीच लागत नाही. मला ही सूट पटत नाही, कारण सर्वांत गरीब रुग्ण तेथेच असतात. मुंबईत हाजी अलीजवळील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था किंवा वांद्र्याची अली यावर जंग संस्था केंद्र सरकारच्या अखत्यारीत असल्याने तेथील गाऱ्हाणी केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर आणि दिल्लीतील मुख्य दिव्यांग आयुक्तांकडे जातात. राज्याच्या व महापालिकेच्या रुग्णालयांसाठी अधिष्ठाता, त्यानंतर ‘आपले सरकार’ पोर्टल किंवा महापालिका आयुक्त. मानवी हक्क आयोगाकडे जायचे असेल तर घटनेपासून १ वर्षाच्या आत जावे.

माहिती अधिकाराने निरीक्षणाची फाइल मागा

देखरेख झाली की नाही हे पाहण्याचे साधन कुटुंबाच्या हातात आहे आणि ते फारसे वापरले जात नाही. नोंदणी कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करून केंद्राच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, मागील तीन वर्षांतील तपासणी अहवाल, त्यांत काढलेल्या त्रुटी आणि संस्थेने दिलेली पूर्तता मागावी. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क १० रुपये. उत्तर ३० दिवसांत यायला हवे, न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करावे. माहिती एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ४८ तासांची तरतूद आहे, आणि कोंडून ठेवलेल्या रुग्णाबाबत अर्ज करताना ती स्पष्टपणे नमूद करावी. इतर रुग्णांची वैयक्तिक माहिती मागू नये. ती मिळणारही नाही आणि तेवढ्यावरून सगळा अर्ज फेटाळण्याला निमित्त मिळते. ‘या कालावधीत तपासणी झालेली नाही’ असे उत्तर आले तर निराश होऊ नये. ते उत्तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडील तक्रारीला जोडावे, कारण कार्यालयाने आपले काम केले नाही याचा तो त्याच कार्यालयाने दिलेला पुरावा आहे.

घरी येणारा माणूस

रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून घरी येणारा वॉर्डबॉय, आया किंवा पेशंटजवळ बसणारी मावशी यांच्या कामाच्या दर्जावर लक्ष ठेवणारी आरोग्य खात्याची वेगळी परवाना व्यवस्था महाराष्ट्रात नाही, आणि मेंदूला इजा झालेले बहुसंख्य लोक तर याच माणसांच्या हाती दिवस काढतात. येथे देखरेख कुटुंबालाच उभी करावी लागते. ब्युरोशी लेखी करार करावा, त्यात कामाचे तास, नळीने अन्न भरवण्याचे प्रशिक्षण आहे की नाही आणि बदली माणूस किती वेळात येईल हे लिहावे, ओळखपत्राची प्रत घेऊन पोलीस पडताळणी करून घ्यावी आणि पैसे पावती घेऊन किंवा बँकेतून द्यावेत. पावती असेल तर निदान ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो. परिचारिका म्हणून जास्त दर लावला असेल तर परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा, आणि नसेल तर नळी बदलण्यासारखे काम त्या व्यक्तीला करू देऊ नये.

तक्रार दिल्यानंतर रुग्ण त्याच केंद्रात राहणार असेल, तर कुटुंबाला सूडाची भीती वाटते आणि ती अनाठायी नसते. अशा वेळी तक्रारीतच ‘रुग्ण अद्याप संस्थेत आहे, चौकशीच्या काळात त्याच्या सुरक्षिततेची नोंद घ्यावी आणि भेटीवर बंधन आणू नये’ अशी मागणी लिहावी, भेटी वाढवाव्यात, वेगवेगळ्या वेळी जावे आणि शक्य असेल तर दुसऱ्या केंद्रातील जागेची चौकशी आधी करून मगच अर्ज द्यावा. चौकशीच्या दिवशी हजर राहण्याची परवानगी लेखी मागावी, आणि निरीक्षक परत गेल्यावर पंधरा दिवसांनी अहवालाची प्रत मागणारे पहिले स्मरणपत्र आवक क्रमांकासह द्यावे.